गेरूबारीचा जोडीदार

ललित अहिरराव द्राक्षांना कंटाळला होता.

नऊ वर्षं तो पिंपळगाव बसवंतच्या पॅकहाउसांमध्ये द्राक्षांचे फोटो काढत होता. परदेशी जाणाऱ्या माहितीपत्रकांसाठी. घड उभा, घड आडवा, घड पेटीत, घडावर पाण्याचे थेंब. थेंब तो स्वतःच बाटलीने फवारायचा आणि किती वेळा फवारले ते वहीत लिहायचा. वहीत तो सगळंच लिहायचा. गाडी निघाल्याची वेळ, किलोमीटर, फोटोचा क्रमांक, ऊन कोणत्या बाजूचं, वारा होता की नव्हता. त्याची बायको सायली म्हणायची, हा माणूस झोपेत किती वेळा कुशीवर वळला तेही लिहील, फक्त तेव्हा त्याला पेन धरता येत नाही एवढंच.

नाशकातल्या त्याच्या फोटोवाल्या मित्रांपैकी सहा जण गेल्या तीन वर्षांत राजस्थानला जाऊन आले होते, आणि सहाही जणांनी तोच उंट आणला होता. ललितला उंट नको होता, रंग हवे होते. रात्री जेवल्यावर तो संगणकावर उपग्रहाचा नकाशा उघडून बसायचा आणि आपल्याच जिल्ह्यात वाळवंट शोधायचा. मार्चच्या शेवटी त्याला ते सापडलं. नामपूरच्या पलीकडे दोन डोंगरांच्या मधोमध एक खिंड होती. आसपासचं सगळं करडं, आणि तिथेच कोणी रंगाच्या वाट्या कलंडवल्यासारखं. तांबडं, पिवळं, मधूनच पांढरं.

"गेरूबारी," तो सायलीला म्हणाला. "तीन दिवस. गुरुवारी निघू."

"तू नीघ," सायली म्हणाली. "एप्रिलात माळावर भाजून घ्यायची मला हौस नाही. मी घरी कुलर लावून बसणार."

हे नवीन होतं. दर खेपेला सायली शेजारच्या सीटवर असायची. थर्मास तिच्या पायाशी, वही तिच्या मांडीवर. ती क्रमांक लिहायची, त्याच्या डोक्यावर छत्री धरायची, आणि तो शटर दाबणार एवढ्यात म्हणायची, जरा डावीकडे सरक. त्याच्या प्रत्येक बऱ्या फोटोमागे हे डावीकडे सरकणं होतं. ललितला ते माहीत होतं, फक्त मान्य नव्हतं. त्यामुळे तिने नाही म्हटल्यावर त्याला वाईट वाटलं, आणि आता एकदाचं कळेल कोणाचा हात किती ते, असंही वाटलं. दुसरं वाटणं जरा मोठं होतं.

गुरुवारी पहाटे पाचला तो एकटा निघाला. पिंपळगावपर्यंत हायवे, मग तो सोडून देवळा, सटाणा. नामपूरच्या बाजारापाशी कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती, त्यात पंचवीस मिनिटं गेली. तीही त्याने लिहिली. पुढे अकरा किलोमीटरवर डांबर संपलं. तिथे एक कडुनिंब होता, त्याच्या सावलीत पत्र्याचं चहाचं दुकान, आणि झाडाच्या बुंध्याभोवती दगडांचा मोठा ढीग. मुठीएवढे, नारळाएवढे, सगळ्या रंगांचे.

दुकान कुसाबाईचं होतं. सत्तरीची, वाळकी, हात कोपरापर्यंत तांबडे. चहा हा तिचा जोडधंदा. मुळात ती बारीतून, म्हणजे त्या खिंडीतून, गेरू आणि पिवळी माती खणून आणायची आणि हिरामण नावाचा पन्नाशीचा गडी तो माल ट्रॅक्टरमधून कुंभारांना पोचवायचा. हिरामण बाकावर बसून बशीने चहा पीत होता. त्याने ललितची गाडी, कॅमेऱ्याची तिपाई, टोपी आणि पांढरे बूट एका नजरेत पाहून घेतले.

"शूटिंग शे का, साहेब? हिरॉईन मागून येते?"

"मातीचे फोटो काढायचेत."

"मातीचे." हिरामणने बशी खाली ठेवली आणि तो कुसाबाईकडे वळला. "आई, हे आपल्या मातीचं स्थळ बघायला आलेत."

कुसाबाई हसली नाही. तिने गाडीच्या काचेतून आत वाकून पाहिलं. "एकलाच शे का, भाऊ?"

"एकटाच."

"मग जोडीदार लई जाय." तिने ढिगाकडे बोट केलं. "घे कोणताही. नाव ठेव त्याला. येताना इथंच ठेवायचा, अन् नाव घेऊन म्हणायचं, घरी जा."

ललितला गंमत वाटली. गावाकडे तिघं कामाला निघाले की खिशात चौथा म्हणून खडा टाकतात, ते त्याने लहानपणी पाहिलं होतं. हे त्याच घराण्यातलं दिसत होतं. पण तो वहीवाला माणूस. कारण लिहिल्याशिवाय त्याचं पान पुढे सरकत नसे.

"कशासाठी, मावशी?"

"बारी मोजते," कुसाबाई म्हणाली. बस सुटताना कंडक्टर माणसं मोजतो हे सांगावं, तितक्याच सहज. "आत गेले किती, बाहेर आले किती. एकलं माणूस मोजायचं राहून जातं. राहिलं की राहिलं."

"माझ्या जोडीदाराचं नाव सायलेन्सर," हिरामण म्हणाला. "ट्रॅक्टरचा गळून पडला होता, त्या दिवशी ठेवलं. आईच्या दगडाचं नाव तांब्या. लय गुणी आहे, कधी चहा मागत नाही."

ललितने एक दगड उचलला. विटेच्या रंगाचा, तळहातात मावणारा, मधून एक पांढरी शीर गेलेली. तो शेजारच्या सीटवर ठेवताना त्याला हसू आलं. ती सीट कोणाची ते ठरलेलं होतं. गाडी सुरू करता करता तो म्हणाला, "चल सायली. आता डावीकडे सरक म्हण." हे ऐकायला गाडीत दुसरं कोणी नव्हतं.

बारीने त्याला निराश केलं नाही. कच्चा रस्ता दोन किलोमीटर, मग पायी चढ, आणि माथ्यावरून खाली पाहिलं की दोन्ही उतारांवर रंगांचे थर. लाव्हाचे दोन लोट, मधे भाजलेल्या मातीचा लाल पट्टा, हे त्याने वाचलं होतं. वाचलेलं नव्हतं ते पिवळं, आणि पिवळ्याच्या कडेने जाणारं शेवाळी. झाड नाही, पाखरू नाही. पायाखाली गारगोट्या कचकच वाजत होत्या आणि वारा एकाच पट्टीत वाहत होता. त्याने थर मोजले. सहा. दिवसभरात एकशे बारा फोटो झाले.

संध्याकाळी तो खाली आला तेव्हा दुकानाचं फळकूट लावलेलं होतं. दगड ठेवायचा होता खरा. पण उद्या पुन्हा यायचंच होतं, रोज उतरवा आणि रोज चढवा कशाला. दगड सीटवरच राहिला. सटाण्याच्या लॉजवर पोचून त्याने घरी फोन लावला. बारीत रेंज नव्हती, त्यामुळे दिवसभरात हा पहिलाच.

"घसा कोरडा पडलाय," सायली म्हणाली. तिच्या आवाजामागे घूं घूं चाललं होतं. "या कुलरने असेल. कसे आले फोटो?"

"बघशील तेव्हा कळेल."

"चांगलेच आहेत. पण शेवटचा घाईत काढलास. उजवीकडचा पांढरा पट्टा कापला गेला. जरा डावीकडे सरकला असतास तर आला असता."

ललितने कॅमेरा काढून शेवटचा फोटो पाहिला. उजवीकडचा पांढरा पट्टा बरोबर मधोमध कापला गेला होता.

"मी तुला एकही फोटो पाठवलेला नाही," तो म्हणाला.

"नाही?" ती म्हणाली. "मग कुठे पाहिला मी?"

दुसऱ्याला इथे घाम फुटला असता. ललितने वहीत नवं पान उघडलं आणि वर तारीख टाकली.

शुक्रवारी सकाळी लॉजबाहेर त्याने गाडी सुरू केली आणि सीटबेल्टची सूचना वाजायला लागली. टीं, टीं, टीं. शेजारच्या सीटवर वजन आहे आणि पट्टा लावलेला नाही, असं ती गाडी सांगत होती. कॅमेऱ्याची बॅग ठेवली की हे व्हायचं, कारण बॅग नऊ किलोची. आज बॅग मागे होती. पुढे फक्त दगड. त्याने तो उचलला, तेव्हा वाजणं थांबलं. ठेवला, तेव्हा सुरू झालं. उचलून पाहिला तर कालच्याएवढाच हलका. शेवटी त्याने दगडाला पट्टा लावला. लॉजचा नोकर फडकं हातात धरून बघत होता.

"पडू नये म्हणून," ललित त्याला म्हणाला.

"हो ना," नोकर म्हणाला. लॉजवाल्यांना सगळ्या प्रकारच्या माणसांची सवय असते.

त्या दिवशी त्याने प्रयोग केला. दुकान बंदच होतं. कुसाबाई लेकीकडे गेलीय असं एका गुराख्याने सांगितलं. बारीच्या माथ्यावर उभं राहून ललितने समोर दिसणाऱ्या तीन गोष्टी वहीत लिहिल्या. पिवळ्या उतारावर बसलेल्या बैलासारखा काळा खडक. पांढऱ्या पट्ट्यात पडलेली भेग. तुटकं पायताण. मग तो गाडी घेऊन कडुनिंबापाशी आला, कारण रेंज तिथेच होती, आणि सायलीला फोन लावून म्हणाला, "प्रश्न विचारू नको. मी मघाशी कुठे उभा होतो सांग."

"काय खेळ आहे हा?"

"सांग तर."

घूं घूं तेवढं ऐकू येत होतं. "काळा खडक आहे ना तो? बसलेल्या बैलासारखा. पांढऱ्यात एक फट. आणि कोणाची तरी चप्पल पडलीय, अंगठा तुटलेली." मग ती अगदी नेहमीच्या सुरात म्हणाली, "पण तू मागे वळून बघतच नाहीस, ललित. तुझ्या मागच्या घळीत जांभळा आहे. सातवा."

तो धावतच पुन्हा वर गेला. घळ तिथे होती. काल तो तिच्यावरून दोनदा गेला होता. एका खडकाच्या आडून डावीकडे चार पावलं सरकलं की ती उघडायची. तळाशी पिकलेल्या जांभळाच्या गरासारखा मातीचा पट्टा, त्यावर तिरपं ऊन. नऊ वर्षांत त्याने असा फोटो काढला नव्हता. ही घाबरायची वेळ होती, हे त्यालाही कळत होतं. पण तो तिपाईचे पाय घट्ट करत होता. पाय झाले की घाबरू, असं त्याने ठरवलं, आणि मग ऊन सरकायला लागलं.

संध्याकाळच्या फोनवर सायलीचा आवाज बसलेला होता.

"ऊन लागल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली. "घराबाहेर पाऊल टाकलं नाही, तरी. दुपारी आरशात पाहिलं, तर नाकाचा शेंडा सोललाय."

"कुलर जरा कमी कर. आवाज केवढा येतोय त्याचा."

"कुलर बंद आहे. आज सकाळीच मोटर जळली."

घूं घूं चालूच होतं. आता त्याने नीट ऐकलं. ते यंत्राचं नव्हतं. एकाच पट्टीतलं होतं, आणि दिवसभर तो त्यातच उभा होता.

"उद्या येतोस ना?" सायलीने विचारलं.

इथे ललितच्या बाजूने बोलण्यासारखं फारसं काही नाही. तो म्हणाला, "उद्या सकाळचा एक उजेड घेतो आणि लगेच निघतो." त्या जांभळ्यावर सकाळचं ऊन कसं पडेल, हे त्याला बघायचं होतं. बायकोच्या आवाजाला काय झालंय, हेही बघायचं होतं. आधी उजेड, कारण उजेड थांबत नाही.

शनिवारी सातच्या आत तो घळीत होता. फोटो सुरेख येत होता. फक्त एक अडचण होती. घळ किती खोल आहे ते फोटोत कळत नव्हतं. हातभर खोलीचा खड्डा वाटावा. अशा वेळी आकार समजावा म्हणून चौकटीत काहीतरी ठेवावं लागतं, आणि सायली असली की तो तिला उभी करायचा. गाडीत पुन्हा टीं टीं नको म्हणून सकाळी बॅगेत टाकलेला दगड त्याने काढला, खाली उतरून जांभळ्या पट्ट्याच्या मधोमध ठेवला. वर येऊन पाहिलं. चौकट एकदम भरली. त्याने बावीस फोटो घेतले. मग ऊन चढलं, रंग विटले, आणि सायली वाट बघत असेल या घाईत त्याने सामान आवरलं. कॅमेरा, तिपाई, वही, पाण्याची बाटली. यादी त्याने दोनदा तपासली. यादीत दगड नव्हता, कारण तो सामानात कधी धरलाच नव्हता.

येताना गाडीत काही वाजलं नाही.

कडुनिंबाखाली आज दुकान उघडं होतं. कुसाबाई चुलीपाशी, हिरामण बाकावर. ललित उतरला तसा हिरामण म्हणाला, "आले का स्थळ बघून? पसंत आहे ना?"

कुसाबाई त्याच्या हातांकडे बघत होती. "जोडीदार कुठे शे?"

"राहिला वर. विसरलो, मावशी. दुसरा एखादा आणून ठेवतो ढिगात."

"दोन गेले, एक आला." तिने गाळणी खाली ठेवली. "नाव काय ठेवलं होतं?"

"सायली."

"कोन शे ती?"

"माझी बायको."

हिरामणने बशी तोंडापासून लांब केली. काही विनोद येईल म्हणून ललितने त्याच्याकडे पाहिलं. विनोद आला नाही.

"जित्ती?" कुसाबाईने विचारलं.

"अहो, म्हणजे काय. घरी आहे. नाशकात."

"जित्त्या माणसाचं नाव ठेवलं दगडाला." ती त्याला नाही, हिरामणला सांगत होती.

"तुम्ही सांगितलं नव्हतं," ललित म्हणाला.

"हे सांगायचं असतं का, भाऊ? विहिरीवर पाणी प्यायला आलेल्याला, आत पाय सोडू नको, असं कोणी सांगतं का?"

ललितने फोन लावला. घंटा सहा वेळा वाजली. मग उचलला गेला आणि फक्त वारा ऐकू आला.

"सायली?"

"हं."

"कुठे आहेस तू?"

"तू बसवलंस तिथेच," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसता कोरडेपणा होता. "गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. गेलास ना तू?"

"सायली, तू घरी आहेस. डोळे उघड. समोर काय आहे सांग."

"जांभळं," ती म्हणाली. "लय ऊन आहे रे इथे."

लय हा शब्द सायलीच्या तोंडचा नव्हता. फोन कटला. पुन्हा लावला, तो लागला नाही.

घाबरणं पुढे ढकललेला माणूस एकदम घाबरतो, तेव्हा मागचं सगळं साठलेलं असतं. ललितच्या हातातून किल्ली दोनदा पडली. हिरामणने ती उचलून स्वतःकडे ठेवली.

"मी चालवतो. दोघं जातोय, दगड नको. चला."

"जो ठेवला तोच आण," कुसाबाई गाडीमागून म्हणाली. "ढिगापाशी ठेव, नाव घे, घरी धाड. दुसरं काही आणू नको."

साडेअकरा झाले होते. वर पोचेपर्यंत सावल्या पायाखाली गेल्या. ऊन इतकं उभं होतं की सगळे रंग पुसल्यासारखे एकच राखाडी पांढरे दिसत होते. घळ कोणती तेच कळेना. ललितने कॅमेरा सुरू करून सकाळचा फोटो उघडला आणि पडद्यावरचा खडक समोरच्या खडकांशी जुळवत तो सरकत राहिला. एक नाही, दुसरा नाही. डावीकडे चार पावलं.

घळ उघडली.

"लवकर घ्या," हिरामण मागून म्हणाला. तो काठावर पाठ करून उभा होता. खाली बघायला त्याची तयारी नव्हती.

ललित उतरला.

जांभळ्या पट्ट्याच्या मधोमध दगड होता. विटेच्या रंगाचा, मधून पांढरी शीर.

त्याच्या शेजारी, हाताच्या अंतरावर, दुसरा होता. विटेच्या रंगाचा. मधून पांढरी शीर.

त्याने पडद्यावर पाहिलं. बावीस फोटो. बावीसही फोटोंत एकच दगड.

तो गुडघ्यांवर बसला. शीर मोजली, वळण पाहिलं, कडा पाहिल्या. डावा पडद्यावरच्यासारखा दिसत होता. उजवाही. दोघांखालची माती सारखीच दबली होती. त्याने दोन्हींवर हात ठेवले. दोन्ही उन्हाने तापलेले, आणि दोन्ही माणसाच्या अंगाएवढेच गरम.

"साहेब."

"एक मिनिट."

"मिनिट नाही ओ. निघा."

"सायली," ललित हळूच म्हणाला. कोणता हलतो का, म्हणून. कोणताच हलला नाही. फक्त वारा थांबला. तीन दिवसांत पहिल्यांदा.

नऊ वर्षांच्या धंद्याने त्याला एक गोष्ट शिकवली होती. शंका असली की दोन घ्यायचे. निवड घरी गेल्यावर.

त्याने एक दगड खिशात टाकला आणि एक हातात धरला.

खाली ढिगापाशी कुसाबाई पाठ करून बसली होती. तिथली तशी रीत असावी. हिरामणही तोंड फिरवून उभा राहिला. ललितने हातातला दगड ठेवला आणि म्हणाला, "सायली, घरी जा." मग खिशातला ठेवला, आणि तेच पुन्हा म्हणाला, जरा हळू. ढीग किंचित खचल्यासारखा वाजला.

"तोच ठेवला ना?" कुसाबाईने मान न वळवता विचारलं.

"हो," ललित म्हणाला.

त्याने फोन लावला. दुसऱ्या घंटेला उचलला.

"काय रे, किती कॉल केलेस," सायली म्हणाली. तिच्या मागे कुकरची शिट्टी झाली, खाली कोणीतरी भाजीवाल्याला हाक मारली. वारा नव्हता. "झोप लागली होती मला. काय वेड्यासारखी झोपले. निघालास का?"

"निघालो."

"सावकाश ये. स्वयंपाक करून ठेवते."

ललितने फोन खिशात टाकला आणि तो बाकावर बसून राहिला. कुसाबाईने चहा दिला, तो त्याने दोन्ही हातांनी धरून प्यायला. हिरामण पुन्हा हिरामण झाला होता. "घरी गेले की वहिनींना साडी घ्या," तो म्हणाला. "नाव वापरलं त्यांचं." कुसाबाई ढिगाकडे बघत होती, आणि तिचे ओठ हलत होते, मोजताना हलतात तसे.

परतीचा रस्ता त्याने कुठे न थांबता कापला. सटाणा, देवळा, पिंपळगाव. शेजारची सीट गप्प होती. त्याने वेळ लिहिली नाही, किलोमीटर लिहिले नाहीत. मधे एकदा त्याच्या मनात आलं की तो जास्तीचा दगड कोणाचा होता. पण समोरून कांद्याचा ट्रक आला आणि ते राहून गेलं. दिवेलागणीच्या सुमाराला तो नाशकात शिरला, इंदिरानगरातल्या आपल्या इमारतीखाली गाडी लावली आणि तीन जिने एका दमात चढला.

दार सायलीनेच उघडलं. नाकाचा शेंडा सोललेला, केस वर बांधलेले, हाताला कणीक. त्याने तिला दारातच जवळ घेतलं. तिने कणकेचे हात लांब धरले.

"अरे, काय हे. आंघोळ तरी कर आधी. मातीचा वास येतोय तुला."

"तू बरी आहेस?"

"मला काय धाड भरलीय? दुपारी जरा डोकं जड होतं, आता काही नाही. बस, चहा टाकते. मग दाखव फोटो. त्या जांभळ्याचे आधी."

तो हसला. तीन दिवसांत तो पहिल्यांदा नीट हसला. बूट काढले, बॅग खुर्चीत ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि बाथरूमकडे गेला.

दार आतून लावलेलं होतं.

आत पाणी पडत होतं. मग्याने अंगावर घेतात तसं, थांबून थांबून. दाराच्या फटीखालून पाण्याची एक धार बाहेर येऊन फरशीवर पसरत होती. तांबडी होती. त्याच्या देखत ती पिवळी झाली.

ललित तिथेच उभा राहिला. स्वयंपाकघरात सायलीने गॅस पेटवल्याचा आवाज आला, मग कप मांडल्याचा.

"थांब जरा," ती तिथूनच म्हणाली. "तिचं डोकं धुऊन होऊ दे. माती निघता निघत नाहीये बिचारीची."